पंखे थांबले की फिरत राहिले?

या सदरात एरवी मी शब्दांच्या व्युत्पत्ती, जुनी पत्रे, सणवार आणि माळव्यातील आपल्या मराठी घरांच्या चालीरीती यांविषयी लिहीत असतो. यंत्रांच्या वाटेस सहसा जात नाही. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकास यंत्रांचा जो सहवास घडतो, तो बहुतेक बंद पडलेल्या यंत्रांचाच. आणि साठा-नोंदवहीत त्यांच्यापुढे 'दुरुस्तीस अयोग्य' असा शेरा लिहून खाली सही करण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते. तथापि या महिन्यात एका संगणकाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला मेजावरचा संगणक आहे, आणि मुले मोठी झाली की त्यात नवनवीन भर घालीत असतात; तेव्हा आमच्या घरी जे घडले ते उद्या आपल्याही घरी घडू शकेल. हे झाले एक कारण. दुसरे ओघात येईलच.

गोष्ट २०२४ च्या मार्च महिन्यातील. आमची कन्या तेव्हा वास्तुकलेच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्षात होती. महेश्वरच्या विणकरांसाठी घरे आणि मागांच्या जागा कशा असाव्यात, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. वर्षभर ती इंदूरहून महेश्वरच्या खेपा घालीत होती. कोणत्या घरात माग कोठे मांडला आहे, दुपारचा उजेड कोणत्या खिडकीतून येतो, पावसाळ्यात सूत कोठे ठेवतात, हे सारे मोजून आणि टिपून आणीत होती. ते सगळे काम २०१९ साली तिच्यासाठी घेतलेल्या संगणकात होते. त्या यंत्राने पाच वर्षे इमानाने सेवा केली. करोनाच्या काळात तर तेच तिचे महाविद्यालय होते. परंतु शेवटच्या वर्षी इमारतीची जी सजीव वाटावी अशी चित्रे काढावी लागतात, त्यांपुढे ते थकले. एक चित्र तयार होण्यास रात्र जाई, आणि सकाळी पाहावे तो काम अर्ध्यावर अडकलेले.

यावर उपाय म्हणजे ग्राफिक्स कार्ड. या शब्दास मराठी प्रतिशब्द योजण्याचा मला मोठा हट्ट होता. 'आलेखपत्रिका' असा शब्द मी दोन दिवस घरात चालवूनही पाहिला. "कोणाच्या लग्नाची?" असे सौ.ने विचारल्यावर तो निमूटपणे मागे घेतला. तेव्हा आपण ग्राफिक्स कार्डच म्हणू.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे वर्गातील एखादा अत्यंत हुशार विद्यार्थी. कोणतेही अवघड गणित द्यावे, तो पायरीपायरीने सोडवील. परंतु पडद्यावरचे चित्र म्हणजे एक अवघड गणित नव्हे. ती लाखो सोपी गणिते असतात. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८०, असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. भिंतीवर ऊन पडलेले दाखवावयाचे, तर त्यांतील प्रत्येकाचा रंग निराळा काढावा लागतो, आणि तोही पुन्हापुन्हा. अशा कामास एक हुशार मुलगा पुरत नाही. साधा गुणाकार येणारी हजारो मुले एकदम बसवावी लागतात. कन्येने निवडलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डावर असे ३,५८४ गणकघटक आहेत. आता एवढी मुले कामास बसविली म्हणजे त्यांना जेवूही तितकेच घालणे आले. हे कार्ड पूर्ण भारावर १७० वॅट वीज घेते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी तेव्हा ठेवला नव्हता.

उन्हाळ्याच्या सुटीत एका वास्तुविशारदांकडे काम करून तिने काही पैसे साठविले होते. उरलेले मी घातले. कार्ड २५,००० रुपयांच्या आसपास पडले. दुकानातील मुलाने घरच्या यंत्राचा काहीही तपशील न विचारता कार्डाबरोबर एक जोडतार दिली. तिच्या एका टोकास जुन्या पद्धतीचे चार-चार पिनांचे दोन जोड, आणि दुसऱ्या टोकास आठ पिनांचा एक. "तुमच्या एसएमपीएसला आठ पिनांची तार नसेल तर ही लावा," असे तो म्हणाला. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूस पंखा असलेली ती लोखंडी पेटी. भिंतीतील २३० व्होल्टची वीज घेऊन ती संगणकाला मानवेल अशी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून देणे हे तिचे काम.

संध्याकाळी कन्येने यंत्र उघडले. मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. तिने आधी भिंतीतील प्लग काढला, मग सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरून आत उरलेली वीज जाऊ दिली, अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला, आणि कार्ड मदरबोर्डावरील लांब खाचेत खटका वाजेपर्यंत बसविले. आठ पिनांची जोडतार लावली. पडद्याची केबल मदरबोर्डावरून काढून नव्या कार्डास लावली. सारे रीतसर. मग तिने बटण दाबले.

आतले पंखे अर्धा वळसा फिरले आणि थांबले. पुन्हा दाबले, पुन्हा अर्धा वळसा. पुढचा दिवा लुकलुकून विझला.

मी जागेवरूनच म्हणालो, "चांगले चालते यंत्र होते. उघडायला तुला कोणी सांगितले होते?" ती काही बोलली नाही. सबमिशनला बारा दिवस उरले होते, आणि मी बोलावयास नको होते हे मला बोलतानाच कळले होते. परंतु तीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाचे वाक्य एकदा सुटले की ते मध्येच थांबत नाही. पुढचे दोन दिवस जेवताना तिच्याकडून 'हो' आणि 'नको' यांपलीकडे शब्द निघाला नाही.

त्या रात्री मला झोप येईना. उठून पाहिले तो यंत्र तसेच उघडे पडलेले, आणि त्यात पाच वर्षांची धूळ. ही धूळच अपराधी असली पाहिजे, असा मला रात्री एक वाजता साक्षात्कार झाला. जुन्या बनियनचा एक तुकडा घेऊन मी आतली पाटी, पंखे, कानाकोपरे असे सर्व काही मन लावून पुसले. पुसताना कोठेतरी 'टक्' असा बारीक आवाज झाला. धूळ मात्र पुष्कळ निघाली, आणि आपण काहीतरी केले या समाधानात मी झोपलो. सकाळी हे कोणास सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे वाटलेच नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या आतेभावाशी फोनवर बोलून कन्येने नवे कार्ड काढले, जोडतार काढली, आणि पडद्याची केबल पुन्हा मदरबोर्डास लावली. तिच्या प्रोसेसरात स्वतःपुरती चित्रे काढण्याची सोय मुळातच आहे. पाच वर्षे तिच्यावरच काम चालले होते. तेव्हा कार्ड काढल्यावर यंत्र पूर्ववत चालावयास हवे होते. पंखे फिरले, आणि या वेळी फिरतच राहिले. तिचा चेहरा क्षणभर उजळला. पण पडदा काळा तो काळाच. 'सिग्नल नाही' एवढे चार इंग्रजी अक्षरांत सांगून तोही झोपी गेला.

तिसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन संगणकांच्या बाजारात गेली. तेथील एका दुकानदाराने पाच मिनिटांत निदान केले: मदरबोर्ड गेला, कदाचित प्रोसेसरही गेला असेल, डिस्कचे काही सांगता येत नाही. खर्च १८,००० रुपये, आणि तोही रंगपंचमीनंतर. ती परत आली तेव्हा जिन्यात बसूनच राहिली. 'डिस्कचे काही सांगता येत नाही' या शब्दांनी तिचे पाय गळाले होते. वर्षाचे काम त्या डिस्कवर होते, आणि शेवटची प्रत वेगळी काढून ठेवल्यास दोन महिने होऊन गेले होते.

रंगपंचमी ३० मार्चला होती. त्या दिवशी इंदूरचा बाजार उघडेल अशी अपेक्षाच करू नये. सारे शहर राजवाड्याकडे गेर पाहावयास लोटलेले असते. दुपारी गुलालाने माखलेला माझा एक जुना विद्यार्थी नमस्कार करण्यास आला. दहावीत संस्कृतमध्ये मी त्यास दोनदा नापास केले होते, हे तो दर वर्षी हसतहसत सांगतो. आता तो संगणकदुरुस्तीचे लहानसे दुकान चालवितो, हे मला ठाऊक होते. परंतु आपला नापास विद्यार्थी आपल्या उपयोगी पडेल, हा विचार शिक्षकाच्या डोक्यात लवकर येत नाही. सौ.नेच विषय काढला.

त्याने हात धुतले, गुलालाचा सदरा बदलण्यास माझा एक सदरा मागून घेतला, आणि यंत्रास हात लावण्यापूर्वी कन्येला विचारले, "ताई, पहिल्या दिवशी बटण दाबल्यावर पंखे थांबले की फिरत राहिले?"

"पहिल्या दिवशी थांबले. कार्ड काढल्यावर मात्र फिरत राहिले, पण पडदा काळा."

"मग दुखणी दोन असणार. कार्ड काढल्यावर एक दुखणं गेलं, तर हे दुसरं आलं कुठून? पाच वर्षं याच तारांवर, याच केबलवर यंत्र चालत होतं ना? मधे कोणी काय केलं?"

"मी कार्ड काढलं, एवढंच."

मी तेथेच उभा होतो. काही बोललो नाही.

त्याने सर्वांत आधी डिस्क बाहेर काढली. ती एका तारेने आपल्या लॅपटॉपला जोडली, आणि दोनच मिनिटांत महेश्वरचे सारे नकाशे त्याच्या पडद्यावर दिसू लागले. पेन ड्राइव्हवर प्रत घेऊन ती त्याने कन्येच्या हाती दिली आणि म्हणाला, "आता हे यंत्र जाळलं तरी चालेल." येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण घरोघर हा गैरसमज आढळतो. संगणक सुरू होत नाही म्हणजे त्यातले काम गेले, असे नव्हे. काम डिस्कवर असते. डिस्क निराळी वस्तू आहे. मदरबोर्ड जळाला तरी ती बहुधा सुखरूप असते, आणि दुसऱ्या यंत्रास जोडून वाचता येते. मात्र हल्लीच्या कित्येक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि ती परक्या यंत्रावर उघडावयाची तर ४८ अंकी किल्ली द्यावी लागते. ती किल्ली यंत्र धडधाकट असतानाच शोधून वहीत उतरवून ठेवावी. आमच्या जुन्या यंत्रात हे कुलूप नव्हते, हे आमचे नशीब.

मग तो मदरबोर्डाकडे वळला. पूर्वीच्या संगणकांत एक इवलासा भोंगा असे. सुरू होताना यंत्र स्वतःची तपासणी करी, आणि काही बिघडले असल्यास ठराविक शिट्ट्या वाजवून सांगे. आता बहुतेक यंत्रांत तो भोंगा नसतो. काही मदरबोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांपैकी जेथे गाडी अडली तेथला दिवा पेटून राहतो. आमच्या स्वस्तातल्या मदरबोर्डावर दिवेही नव्हते. तेव्हा त्याने विजेरी घेतली आणि नुसत्या डोळ्यांनी एकेक जागा पाहू लागला. प्रोसेसरची तार ठीक. बटणाची बारीक तार ठीक. रॅमच्या दोन पट्ट्यांपाशी येऊन तो थांबला.

"ताई, इकडे बघा."

रॅमची पट्टी खाचेत दाबून बसविली की टोकाचा खटका तिच्यावर मिटतो. दोहोंपैकी एका पट्टीचा खटका उघडा होता, आणि ती त्या बाजूने केसभर वर आली होती. एवढ्यानेही यंत्राची तपासणी तेथेच अडते. पंखे फिरत राहतात, चित्र येत नाही. आणि त्या उघड्या खटक्यात एक पांढरा धागा अडकलेला होता.

कन्येने तो चिमट्याने काढून उजेडात धरला. वर्षभर विणकरांत वावरलेली मुलगी. "हा मागावरच्या कापडाचा नाही," ती म्हणाली, "होजिअरीचा आहे. असा कुरळा धागा विणलेल्या बनियनचा असतो." आणि मग तिने माझ्याकडे पाहिले.

आता न बोलणे शक्यच नव्हते. रात्री एक वाजल्याची सारी कथा मी सांगितली, 'टक्' या आवाजासकट. विद्यार्थी खाली मान घालून रॅमच्या पट्टीचे पिवळे काठ खोडरबराने घाशीत राहिला. त्या कामास एवढा वेळ लागत नसावा. मी कन्येला म्हणालो, "त्या दिवशी तुला जे बोललो ते मागे घेतो. आणि आज दुपारी मधे काय झाले असे त्याने विचारले, तेव्हाही मी गप्प बसलो." ती म्हणाली, "बाबा, शाळेत एखाद्या मुलाला उगाच बोललात, तर त्यालाही असं सांगता?" मी म्हणालो, "नाही." तिने धागा टेबलावर ठेवला आणि चहा टाकावयास आत गेली.

पट्टी दोन्ही बाजूंनी दाबून बसविल्यावर यंत्र कार्डाविना सुरू झाले. पहिल्या खेपेस पडदा उजळण्यास जवळजवळ अर्धा मिनिट लागला, आणि त्या अर्ध्या मिनिटात घरातील कोणी श्वास घेतला नसावा. एवढ्यानेही भागले नसते तर त्याची पुढची पायरी होती मदरबोर्डावरील नाण्याएवढी, ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवण्याची. तिच्या बळावर यंत्र आपल्या जुळणीच्या खुणा लक्षात ठेवते; बॅटरी काढली की त्या पुसल्या जातात आणि यंत्र मूळ खुणांवर येते. ती वेळ आली नाही.

हे झाले दुसरे दुखणे. पहिले राहिलेच होते. त्याने नवे कार्ड पुन्हा बसविले, तीच जोडतार लावली, बटण दाबले. आणि पंखे तसेच अर्धा वळसा फिरून थांबले. "बघा," तो म्हणाला, "ताईंनी नीटच बसवलं होतं. पेटीच नको म्हणतेय." त्याने एसएमपीएसच्या अंगावरची चिठ्ठी मला वाचावयास सांगितली. वर ठळक अक्षरांत '४५०' असे छापले होते. पाच वर्षे आम्ही त्यास ४५० वॅट समजत होतो. परंतु त्या आकड्यापुढे वॅट हा शब्द कोठेही नव्हता. ते केवळ त्या पेटीचे नाव होते. खाली बारीक अक्षरांत कोष्टक होते, आणि त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर.

"सर, गुणाकार करा."

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. बारा सोळे १९२. कार्डास १७०, प्रोसेसरला ६५, मिळून २३५. पंखे आणि डिस्क वेगळ्याच. आणि हा सारा भार मुख्यतः १२ व्होल्टच्याच रकान्यातून येतो. चिठ्ठीवरच्या मोठ्या आकड्यास त्यात काही अर्थ नाही. पूर्ण भार तर पुढची गोष्ट. सुरू होताना यंत्र क्षणभर जो घोट मोठा घेते, तोच आमच्या पेटीस पेलवत नव्हता, आणि आपले रक्षण करण्यासाठी ती वीज तोडत होती. अर्धा वळसा फिरून थांबणारे पंखे बहुधा हेच सांगत असतात: एक तर भार पेलत नाही, नाहीतर कोठेतरी दोन तारा भिडल्या आहेत.

ती जोडतार त्याने बाजूस ठेवली. ज्या खाचेत कार्ड बसते, ती खाच त्यास जास्तीत जास्त ७५ वॅट देते. सहा पिनांची तार आणखी ७५, आणि आठ पिनांची १५० वॅट देऊ शकते, असे ठरलेले प्रमाण आहे. १५० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर. डिस्कसाठी केलेल्या जुन्या बारीक तारांतून, जोडाच्या मदतीने, एवढा प्रवाह ओढावयाचा म्हणजे तार तापणार, जोड वितळणार. "पेटीने वीज तोडली हे बरं केलं," तो म्हणाला. "तिने निमूट ऐकलं असतं, तर रात्री चित्र काढताना धूर निघाला असता." जिला आम्ही तीन दिवस बिघडलेली समजत होतो, ती पेटी आपले काम चोख बजावीत होती!

या कार्डासाठी त्याच्या निर्मात्यांनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचविलेला आहे. तो मजकूर कार्डाच्या खोक्यावरच होता. कन्येने तो वाचला नव्हता, हे तिने स्वतःच कबूल केले. खोके तर मीही दोनदा हाताळले होते. विद्यार्थ्याने त्या दिवशी आपल्या दुकानाचे शटर अर्धे वर करून एक ५५० वॅटचा एसएमपीएस काढून दिला. ४,५०० रुपये. त्यास स्वतःची, सहा अधिक दोन अशा पिनांची तार होती. ती लावल्यावर पंखे फिरले, फिरत राहिले, आणि पडद्यावर महेश्वरचा घाट आला.

आता वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला, तर दोन शब्द. बटण दाबल्यावर नेमके काय घडते ते लिहून ठेवावे. आठवणीवर विसंबू नये. मुळीच काही होत नसेल, तर प्लग, एसएमपीएसच्या मागचे छोटे बटण, आणि हात घालताना निसटलेली पुढच्या बटणाची तार पाहावी. पंखे थबकत असतील, तर विजेकडे पाहावे. पंखे फिरतात आणि पडदा काळा, असे असेल तर आधी पडद्याची केबल कोठे आहे ते पाहावे; नवे कार्ड घातल्यावरही केबल मदरबोर्डालाच लावलेली, हा प्रकार सर्वांत अधिक घडतो आणि त्यासाठी लोक यंत्र खांद्यावर घेऊन बाजार गाठतात. त्यानंतर कार्डाची वीजतार, कार्ड पुरते बसले आहे की नाही, आणि शेवटी रॅम. कार्ड काढून जुन्या स्थितीत यंत्र चालवून पाहणे ही उत्तम कसोटी. मात्र काही प्रोसेसरांत चित्राची सोय मुळीच नसते, आणि त्यांच्यावर कार्डाविना पडदा काळाच राहणार. हे ठाऊक नसले म्हणजे धडधाकट मदरबोर्डास मूठमाती दिली जाते. यंत्र सुरू होऊन विंडोजपाशी अडखळत असेल, तर दोष बहुधा आज्ञावलीचा असतो. जुने ड्रायव्हर काढून नवे घातले की भागते.

तारांच्या बाबतीत मात्र थट्टा नको. प्रोसेसरची आठ पिनांची तार आणि कार्डाची आठ पिनांची तार दिसण्यात बहिणी-बहिणी वाटतात, पण एकीत पिवळ्या तारा जेथे असतात तेथे दुसरीत काळ्या. प्रोसेसरची तार मधोमध चार-चार अशी दुभंगते, कार्डाची सहा-दोन अशी. त्यावरून ओळखावी, आणि जे सहज बसत नाही ते दाबून बसवू नये. दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या तारा आपल्यास लावू नयेत. एसएमपीएसची पेटी तर घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते. आणि धूळ झाडावयाचीच असेल, तर मऊ ब्रशाने किंवा हवेच्या झोताने झाडावी. कोरड्या उन्हाळ्यात कापडाने घासले की स्थिर वीज निर्माण होते, आणि धागे कोठे अडकतात ते आपण वाचलेच.

एक गोष्ट राहिली. तिसऱ्या रात्री चित्र तयार होत असताना आमचा यूपीएस ओरडू लागला. त्याच्यावर ६०० असे लिहिले होते. ते व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हेत. अशा लहान यूपीएसमधून प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच मिळतात, आणि तेही बॅटरी तरुण असेल तर. या वेळी चिठ्ठी मी स्वतः वाचली, चष्मा लावून. सबमिशन होईपर्यंत पडदा आणि राउटर भिंतीतील निराळ्या प्लगवर लावून निभावले.

काम वेळेवर दाखल झाले. विणकरांच्या घराचे एक चित्र तिने आमच्या बैठकीत लावले आहे. माग खिडकीशी आहे, उजेड डावीकडून येतो आहे, आणि एका खुंटीवर बनियन वाळत घातलेले आहे. ते मूळ नकाशात नव्हते. जुना एसएमपीएस माळ्यावर पडून आहे. विद्यार्थ्याने त्याची तार मुळापासून कापून ठेवली, कारण आम्ही तो कोणास तरी देऊन टाकू, अशी त्यास खात्री होती.